आईची अमेरिकेची वही

शाळेतले आमचे सर मिस्टर हॉलिस गेल्याचं माझी मैत्रीण केलीनं मला परवा फोनवर सांगितलं. "वाईट वाटलं ना?" असं तिनं विचारलं आणि मी सरळ "नाही" म्हटलं. आनंद झाला असंही नाही. एवढंच मनात आलं, की आता हा माणूस माझ्या आईची माफी मागण्याची शक्यता कायमची संपली. इतकी वर्षं झाली, माझ्या केसांना रंग लावायची वेळ आली, तरी तो राग फ्रीझरमध्ये ठेवलेल्या पुरणासारखा आहे, बाहेर काढून पाच मिनिटं ठेवला की ताजाच्या ताजा. आणि खरं सांगायचं तर त्यातला निम्मा माझ्या स्वतःवरचा आहे. तोही एकदाचा लिहून टाकते. मराठीत लिहिते आहे, कारण हे आईसाठी आहे.

आम्ही इंग्लंडमध्ये रीडिंगला राहायचो, स्टेशनपासून वीस मिनिटांवर, एकमेकांना चिकटलेल्या विटांच्या घरांच्या रांगेत. बाबा रोज गाडीनं बेसिंगस्टोकला जायचे, तिथल्या एका बिझनेस पार्कमध्ये ते सॉफ्टवेअरचं काही करत. काय करत ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आताही सांगता येणार नाही. आई इकडे येण्यापूर्वी वाईला एका मुलींच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवायची. अकरा वर्षं शिकवलं होतं तिनं. इकडे आल्यावर तिनं आपली सगळी सर्टिफिकेटं प्लास्टिकच्या पिशवीत घालून कुठल्या कुठल्या ऑफिसांत नेली आणि सगळीकडून एकच उत्तर आलं, की तुमचं बी.एड. इथं धरता येणार नाही, पुन्हा पहिल्यापासून शिका. पुन्हा पहिल्यापासून म्हणजे किती, हे सांगायची तसदी कुणी घेतली नाही. मग ती माझ्याच शाळेत डिनर लेडी झाली, म्हणजे कॅन्टीनमध्ये जेवण वाढणारी बाई. डोक्याला जाळी, अंगात निळा नायलॉनचा एप्रन, हातात पळी. आमचं आडनाव कुणाला उच्चारता येईना, म्हणून शाळेत ती नुसती मिसेस व्ही. होती. सातवी-आठवीच्या पंचेचाळीस मुलींना एका नजरेत गप्प करणारी माझी आई पोरांना "चिप्स ऑर मॅश?", म्हणजे तळलेला बटाटा की कुस्करलेला, असं विचारत उभी राहायची. तिनं कधी तक्रार केली नाही. मीच तिच्यावर डाफरायचे.

मी तिला एक नियमच घालून दिला होता. "आई, स्कूलमध्ये माझ्याशी मराठी बोलू नको ना. आणि मला मंजू म्हणून हाक नको मारू. इट्स सो एम्बॅरसिंग." ती म्हणाली, "बरं." नुसतं बरं. कॅन्टीनमध्ये वाढायच्या दोन खिडक्या होत्या. मी दोन वर्षं दुसऱ्या खिडकीच्या रांगेत उभी राहिले, तिकडची रांग कितीही लांब असली तरी. जेवणाच्या सुट्टीतली दहा-दहा मिनिटं मी आपल्या आईला टाळण्यात घालवली. हे लिहितानासुद्धा स्वतःच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटते.

सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीला, मी पॉलिटिक्स घेतलं. पहिल्या वर्षी ब्रिटनचं सरकार आणि दुसऱ्या वर्षी अमेरिकेचं, अशी त्या अभ्यासक्रमाची वाटणी होती. हॉलिस शिकवायचे. खिडकीत बसून पाय हलवत बोलायचे, विनोद करायचे, आणि तास संपताना एक छापील कागद हातात द्यायचे. तोच अभ्यास. असाच एक कागद आईला माझ्या कोटाच्या खिशात सापडला, कपडे धुवायला टाकताना. मी घरी आले तेव्हा ती वॉशिंग मशीनला टेकून तो वाचत होती, आणि तिचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं वाईहून कुणाचं पत्र आलं. "मंजू, अगं हे तर सत्ताविभाजन!" ती म्हणाली. "कायदे करणारे वेगळे, राबवणारे वेगळे, न्याय देणारे वेगळे. हे मी शिकवलंय. आमच्या पुस्तकात तुलनेला अमेरिकेचं एवढंसंच होतं, मी मात्र दोन तास घ्यायची." त्या शनिवारी ती लायब्ररीत गेली आणि अमेरिकेच्या राज्यघटनेवरची चार जाडजूड पुस्तकं पिशवीतून घेऊन आली, खाली बटाटे आणि वर पुस्तकं.

पुढचे दोन महिने आमच्या स्वयंपाकघरात अमेरिका होती. आईनं दोनशे पानी वही केली. निळ्या पेनानं उत्तरं, लाल पेनानं पट्टी लावून अधोरेखित केलेली शीर्षकं, समासात मुद्द्यांचे आकडे. हॉलिसचे कागद ती वहीत चिकटवायची आणि शेजारी आपलं उत्तर लिहायची. एकदा त्यांच्या कागदात लिहिलेलं होतं, की अध्यक्षानं नाकारलेला कायदा सिनेटनं दोन-तृतीयांश मतांनी पुन्हा पास केला की झालं. आईनं तिथं लाल खूण केली आणि लिहिलं, "दोन्ही सभागृहांत." मी म्हटलं, सांगू का सरांना? ती म्हणाली, "नको गं. शिक्षकाला वर्गात असं खाली पाहायला लावू नये." स्वयंपाकाची आणि अभ्यासाची वेळ तिनं एकच ठरवली होती. वरण-भाताचा कुकर चढला की मी ओट्याजवळ उभं राहून उत्तर म्हणायचं. पहिल्या शिट्टीपर्यंत व्याख्या, दुसरीपर्यंत मुद्दे, तिसरीला उदाहरण आणि समारोप. तिसरी शिट्टी झाली की गॅस बंद आणि उत्तरही बंद. एखादा शब्द इकडचा तिकडे झाला की तव्यावरच्या पोळीवरची नजर न काढता ती म्हणायची, "पुन्हा." हिंगाचा वास आला की मला अजून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे नऊ न्यायाधीश आठवतात.

केली त्यात आली ती आईमुळेच. केली माझ्या वर्गात होती, आजीजवळ राहायची, आणि तिच्या घरातून आजवर कुणी युनिव्हर्सिटीत गेलेलं नव्हतं. एक दिवस ती आईच्या खिडकीसमोर ट्रे धरून रडायला लागली, हॉलिसनी तिच्या निबंधावर काहीतरी खवचट लिहिलं होतं म्हणून. आईनं तिला जास्तीचं कस्टर्ड दिलं आणि शनिवारी घरी बोलावलं. मी चिडले. "तू सगळ्यांना कशाला सांगते आपलं घर?" आई म्हणाली, "मुलगी हुशार आहे, तिला सांगणारं कुणी नाही." मग दर शनिवारी केली आमच्या ओट्याला टेकून थालीपीठ लोण्याशी खायची आणि कुकरच्या तालावर अमेरिकेचं संविधान म्हणायची. तिला ते भलतंच आवडलं. शिट्टी व्हायच्या आत उत्तर संपलं तर टाळ्या पिटायची. आई तिला आपल्या वहीच्या झेरॉक्स द्यायची आणि माझ्यासारखंच बजावायची, एक शब्द इकडचा तिकडे नको.

इथंच चूक होती, आणि ती आम्हाला तिघींनाही दिसली नाही. वाईच्या शाळेत वीस मुलींच्या पेपरात एकच उत्तर शब्दन् शब्द आलं तर बाईंचं कौतुक व्हायचं. बाईंनी लिहून दिलं, मुलींनी मन लावून पाठ केलं, यात लपवण्यासारखं काय होतं? नोव्हेंबरात हॉलिसनी टेस्ट घेतली. तिच्यावरून ते आमच्या युनिव्हर्सिटीच्या फॉर्मवर अपेक्षित ग्रेड लिहिणार होते, आणि ती ग्रेड बघूनच तिकडचे लोक घ्यायचं की नाही ठरवणार होते. प्रश्न आला, अमेरिकेचा अध्यक्ष खरोखर किती शक्तिमान असतो? मी मनातल्या मनात कुकर चढवला आणि लिहीत सुटले. आईच्या उत्तराची सुरुवात अशी होती, "अमेरिकेचा अध्यक्ष हा बलवान माणूस खरा, पण तो अशा घरात राहतो ज्याच्या किल्ल्या आणखी दोघांकडे असतात." हे वाक्य तिचं स्वतःचं. कुठल्या पुस्तकात नव्हतं. चार पुस्तकं वाचून, तीन वेळा खोडून तिनं ते इंग्रजीत बसवलं होतं. दोन बाकं पलीकडे केलीही तेच लिहीत होती.

तीन दिवसांनी हॉलिसनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. टेबलावर दोन पेपर शेजारी शेजारी ठेवले होते. माझ्या पेपरच्या समासात लाल पेनानं लिहिलं होतं, "हे शब्द कोणाचे?"

"गंमत आहे," ते म्हणाले. "तुम्हा दोघींना एकाच दिवशी एकच वाक्य सुचलं. केलीला सकाळी विचारलं. ती म्हणते, हे कॅन्टीनमधल्या मिसेस व्ही.नी लिहून दिलं." आणि ते हसले. अगदी मनापासून हसले. "मिसेस व्ही. तुझी आई आहे, असंही म्हणते. चांगल्या बाई आहेत, माझं काही म्हणणं नाही. पण हे बघ मंजिरी, मला मूर्ख समजू नकोस. कुठल्या वेबसाइटवरून उचललंत ते सांग. खरं बोललीस तर या टेस्टला शून्य आणि विषय संपला. केलीची गोष्ट चालू ठेवलीस तर मात्र ग्रेडचा विचार करावा लागेल."

मी काही बोलणार तोच दारावर टकटक झाली. त्यांनी आईलाही बोलावणं पाठवलं होतं. ती तशीच आली होती, डोक्याला जाळी, एप्रनवर ग्रेव्हीचा डाग, हात अजून ओले. हॉलिसनी तिला बसा म्हटलं नाही. पेपर तिच्यासमोर धरला आणि बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं एक-एक शब्द मोठ्यानं तोडत विचारलं, "मिसेस व्ही., डिड... यू... राइट... धिस?"

आईनं पेपराकडे पाहिलं. तिचं वाक्य तिनं ओळखलं आणि तिच्या चेहऱ्यावर पुसटसं हसू आलं. ती "येस" म्हणणार होती. आणि मी तिच्या आधी म्हणाले, "इंटरनेटवरून घेतलं, सर. आईचा काही संबंध नाही."

कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले, की आईची नोकरी वाचवण्यासाठी मी तसं बोलले. खोटं आहे ते. त्या ओल्या हातांची आणि त्या जाळीची मला लाज वाटली. हे सुंदर उत्तर या बाईचं आहे असं म्हणायची मला लाज वाटली, आणि ही बाई माझी आई होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग एप्रनला हात पुसले आणि म्हणाली, "येस सर. इंटरनेट. शी इज राइट." माउस कुठल्या हातात धरायचा हेसुद्धा तिला तेव्हा माहीत नव्हतं. मला खोटं पडू द्यायचं नाही म्हणून तिनं स्वतःचं दोन महिन्यांचं काम माझ्यासमोर सोडून दिलं, आणि "मे आय गो, सर? डिशेस आर देअर," म्हणून निघून गेली. हॉलिसनी पेनाचं टोपण लावलं. मला शून्य मिळालं. केलीला दोन दिवस घरी बसवलं, शाळेतल्या कर्मचाऱ्याचं नाव खोट्यात गोवलं म्हणून, आणि तिच्या फॉर्मवर जी ग्रेड जाणार होती ती दोन पायऱ्या खाली आणायची ठरली. खरं बोलणारी पोरगी घरी बसली आणि खोटं बोलणारी तासाला बसली.

संध्याकाळी कुकर चढला. मी ओट्याजवळ गेले नाही आणि आईनंही बोलावलं नाही. तीन शिट्ट्या मुकाट्यानं झाल्या. बाबांना सगळं कळल्यावर ते टाय सोडत म्हणाले, "जाऊ दे ना आता. तिला एका टेस्टला झीरो मिळाला, फिनिश. आपण इथं कशाला कुणाच्या डोळ्यावर यायचं?" बाबांचं हे 'जाऊ दे' आमच्या घरात भिंतीवरच्या घड्याळासारखं होतं, कुणी त्याच्याकडे बघायचं नाही पण सगळं त्यावर चालायचं. मी म्हटलं, "बघ आई, बाबापण तेच म्हणतात." आई ताटं घेत होती. ती थांबली.

"अमेरिकेची पाचवी घटनादुरुस्ती सांग," ती म्हणाली.

"आई, प्लीज."

"सांग."

"कुणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येत नाही," मी म्हटलं. बाकीचंही तिला हवं असेल म्हणून पुढे बोलायला लागले, तर तिनं हातानं थांबवलं.

"एवढं पुरे. म्हणून मी तुला सक्ती करणार नाही. उद्या सरांकडे जा असं मी म्हणणार नाही. पण तू आज स्वतःविरुद्ध नाही, केलीविरुद्ध साक्ष दिलीस मंजू. सहावी दुरुस्ती काय म्हणते? आरोपीसमोर साक्ष व्हायला हवी. केली होती का त्या खोलीत?" तिचा आवाज चढला नव्हता. वर्गात तो कधीच चढायचा नाही म्हणे, म्हणूनच मुली घाबरायच्या. "आणि माझं म्हणशील तर माझी चूक आहे. तिकडे पाठ करून लिहिलं की शाबासकी, इथं ती चोरी. हे मला आधी कळायला हवं होतं. पोरींना मी उत्तरं दिली, प्रश्न विचारायला शिकवलं नाही. वाढू का तुला?"

मला जेवण गेलं नाही. ती माझ्यावर ओरडली असती तर मी उलट ओरडले असते आणि मोकळी झाले असते. तिनं मला तेवढीही सोय ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी वही बगलेत मारून मी हॉलिसच्या खोलीत गेले. "काल मी खोटं बोलले. हे आईनं लिहिलंय. केली खरं बोलत होती." त्यांनी डोळे वर करून सुस्कारा सोडला. मैत्रिणीला वाचवायला आली आहे ही, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. काल खोटं बोलले तर एका वाक्यात पटलं होतं त्यांना! मी वही त्यांच्यापुढे आपटली. हो, आपटलीच. त्यांनी पानं उलटायला सुरुवात केली. निळी उत्तरं, लाल शीर्षकं, किल्ल्यांचं वाक्य तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिलेलं. मग त्यांचा स्वतःचा कागद आला, चिकटवलेला, आणि शेजारी लाल अक्षरात, दोन्ही सभागृहांत. पुढचं पान त्यांनी उलटलं नाही. त्यांचे कान हळूहळू लाल झाले. वही मिटून त्यांनी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "बघतो."

बघतो म्हणजे एवढंच, की केलीला परत बोलावलं आणि शुक्रवारी आम्हा दोघींची पुन्हा टेस्ट घेतली, वेगवेगळ्या खोल्यांत, नवा प्रश्न देऊन. मधल्या दोन संध्याकाळी आईनं वही कपाटात ठेवून दिली. पोळ्या लाटता लाटता ती नुसते प्रश्न विचारत राहिली. न्यायाधीशांना निवडून दिलेलं नसतं, मग त्यांनी निवडून आलेल्यांचा कायदा का मोडीत काढावा? तुला पटतं का? का नाही पटत? केली आणि मी ओट्याच्या दोन बाजूंना उभ्या राहून भांडलो, आणि कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या याकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही. भाताचा पार गोळा झाला. आईनं तोच वाढला. शुक्रवारी आम्ही दोघींनी वेगवेगळं लिहिलं, दोघींचंही चांगलं गेलं, आणि आमच्या ग्रेड होत्या तशा फॉर्मवर गेल्या. माझ्या शून्यावर काट मारली गेली. पुढच्या आठवड्यात वर्गात तो जुना कागद नव्यानं छापून वाटला गेला, त्यात आता दोन्ही सभागृहं होती. कुणी दुरुस्त केलं याबद्दल अवाक्षर नाही. माफीचा तर प्रश्नच नव्हता. केलीला घरी बसवून सगळ्या वर्गादेखत खोटारडी ठरवलं होतं, खरी मात्र तिला टेबलाआड हळूच केलं. आज मी स्वतः शिकवते, आणि माझ्याकडून एखाद्या मुलावर अन्याय झाला तर सगळ्या वर्गासमोर सॉरी म्हणते. ते मी हॉलिसकडूनच शिकले, त्यांनी जे केलं नाही त्यातून.

त्याच आठवड्यात एका दुपारी हॉलिस कॅन्टीनमध्ये आईच्या खिडकीपाशी आले. मी नेहमीसारखी दुसऱ्या रांगेत होते. त्यांनी ट्रे पुढे केला, मागच्या दोन शिक्षकांकडे बघून डोळा मारला आणि मोठ्यानं म्हणाले, "सो, मिसेस व्ही.! हाऊ मेनी अमेंडमेंट्स?" मागचे दोघे हसले. रांगेतली पोरंही हसली, कशाला हसायचं ते न कळता. जत्रेतल्या पोपटाला विचारतात तसं त्यांनी माझ्या आईला विचारलं. आई म्हणाली, "ट्वेंटी-सेवन, सर. पीज ऑर बीन्स?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझ्या रांगेतून निघून, लोकांना ढकलत, ट्रे पुढे धरून मी तिच्या खिडकीशी थेट हॉलिसच्या पुढे जाऊन उभी राहिले आणि सगळ्या कॅन्टीनला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आई, मला वाढ!"

आईच्या हातातली पळी तशीच राहिली. दोन वर्षांत त्या इमारतीत मी तिला पहिल्यांदा आई म्हटलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मला दिसलं. मग तिनं जाळीबाहेर आलेली बट मनगटानं मागे सारली आणि तितक्याच खणखणीत मराठीत म्हणाली, "मंजू, रांग मोडायची नाही. मागे जा आणि रांगेतून ये."

मी गेले. सगळ्यांच्या देखत ट्रे घेऊन तिच्या रांगेच्या अगदी शेवटी जाऊन उभी राहिले. केली येऊन माझ्या मागे उभी राहिली. ती रांग लांब होती, आणि माझ्यापर्यंत येईतो चिप्स संपले. आईनं मला मॅश वाढला आणि वर वाटाणे घातले. सगळ्यांना एक पळी वाढत होती ती, मलाही एकच वाढली.